दौंडच्या अलीकडची शाळा

दौंड जंक्शनच्या पुलावर चढा आणि मधोमध थांबा. पुण्याकडून आलेला लोहमार्ग इथे फुटतो. एक फाटा कुर्डुवाडी-सोलापूरकडे जातो, दुसरा भीमा ओलांडून नगर-मनमाडकडे. मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन सोडवून उलट्या टोकाला जोडेपर्यंत प्रवाशांच्या कित्येक पिढ्यांनी इथे चहा प्यायला आहे. तुमच्या शेजारून गणवेशातली मुलं दप्तरं हिंदकळत धावतायत. त्यांतली काही सेंट सेबॅस्टियन शाळेची असतील. प्लेगपासून राखण करणारा संत म्हणून कॅथलिक लोक सेबॅस्टियनचा धावा करतात. २० जानेवारीला त्याचा सण. एवढं लक्षात असू द्या. प्लेग आपल्याला पुढे रुळावरच भेटणार आहे.

डोक्यावरच्या विजेच्या तारा पुसा. सिमेंटचा फलाट उखडा. १८७८ साल आहे. मनमाडचा फाटा नुकता सुरू झालाय आणि इंग्रजी पाटीवर गावाचं नाव ‘धोंड’ असं उमटलंय. कोळशाची भुकटी कॉलरवर बसते. गार्ड, ड्रायव्हर, तारबाबू यांच्या बोलण्यात कोकणी, इंग्रजी आणि मोडकं हिंदुस्थानी एकत्र ऐकू येतं, कारण रेल्वेच्या नोकरीत गोव्याची आणि अँग्लो-इंडियन माणसं पुष्कळ. अशा वसाहतींचा क्रम ठरलेला असायचा: आधी क्वार्टर्स, मग प्रार्थनेची खोली, मग पोरांसाठी वर्ग. १८८६ मध्ये पुण्याचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला, कारभार जर्मन जेसुइटांकडे आला. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत त्यांनी जी शाळा नेली तिला इमारत लागत नव्हती. एक मास्तर, एक फळा आणि सावली धरणारं झाड. तोच मास्तर संध्याकाळी प्रार्थना सांगायचा. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं, सरकारने जर्मन पाद्र्यांना स्थानबद्ध केलं, पुढे मायदेशी धाडलं, आणि त्यांनी उभ्या केलेल्या शाळा इतरांना सांभाळाव्या लागल्या.

उत्तरेला शिरूर आहे. तिथे रेल्वे नाही, आजही नाही, म्हणून धुळीचा रस्ता धरा. घोडनदीकाठच्या या गावात इंग्रजांची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री इथूनच कॅप्टन स्टाँटनची तुकडी पुण्याकडे निघाली आणि सकाळी कोरेगावला भीमेकाठी पेशव्यांच्या फौजेशी तिची गाठ पडली. छावणी उठल्यावर काही दशकांनी तुम्ही शिरूरला पोहोचलात तर बंदुकीऐवजी शाळेची घंटा ऐकू येईल. अमेरिकन मराठी मिशनची ही शाळा. रेव्हरंड विन्सर नावाचे मिशनरी मुलांना वाचायला शिकवतात आणि जोडीने घायपाताचा वाख काढायलाही. माळावर फुकट उगवणाऱ्या घायपातातून चार पैसे येतात आणि मिशनच्या दारातली भाकर खाणारा मुलगा स्वतःच्या हाताची भाकर खायला शिकतो. हा विचार ध्यानात ठेवा आणि दौंडला परत या.

पण उतरायचंय दौंडच्या अलीकडे, केडगावला. या दोन तालुक्यांत कॅथलिक शाळा आल्या त्या शांतपणे, वसाहतीच्या पोटात. केडगावची शाळा आली ती दुष्काळ, प्लेग आणि भांडण घेऊन, आणि ती वीट वीट चढताना आपल्याला बघता येते. ती कॅथलिक नव्हती. ती काढणाऱ्या पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये, इंग्लंडात वाँटेजच्या अँग्लिकन जोगिणींच्या मठात राहत असताना झाला, पण त्याच मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांनी धर्मतत्त्वांवरून पत्रांतून इतका वाद घातला की कुठल्याच चर्चचं दावं त्यांच्या गळ्यात बसलं नाही. तरी मिशनच्या शाळेत वाढलेल्या कुणालाही केडगावची घंटा, सदनांची नावं, पहाटेची प्रार्थना ओळखीचीच वाटेल.

तिकडे जाण्याआधी पुण्यात दोन ठिकाणी डोकावू. १८८२, हंटर शिक्षण कमिशनची बैठक. चोवीस वर्षांची विधवा, रमाबाई, साक्ष देतेय. मुलींना शिकवायला स्त्रिया हव्यात, त्या तयार कराव्या लागतील आणि त्यांना पगार पुरुष शिक्षकांहून जास्त द्यावा लागेल, असं ती निक्षून सांगते. हे आजच्या शिक्षणसेविकेला वाचून दाखवा आणि तिचा चेहरा बघा.

दुसरं ठिकाण १८९३. मधल्या काळात रमाबाई अमेरिका फिरून आल्यात, तिथे फ्रोबेलची बालवाडीची पद्धत शिकल्यात, आणि बॉस्टनच्या मंडळाने दहा वर्षांपुरती कबूल केलेल्या मदतीवर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलंय. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. सदन पुण्याला हललंय. वचन असं की इथे कुणाच्या धर्माला हात लागणार नाही. मुली आपापलं सोवळं-ओवळं पाळतात. पण रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून करतात आणि काही मुली येऊन बसतात. ‘केसरी’ तुटून पडतो. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडतात. घाबरलेले पालक मुली घेऊन जातात. या भांडणात एकच बाजू खरी मानणाऱ्यांशी माझं जमत नाही. दिलेल्या शब्दावर विसंबून ज्यांनी पोरी पाठवल्या त्यांचा राग समजण्यासारखा आहे. आणि उघड्या दारातून आत जाऊन बसणाऱ्या मुलीला स्वतःचं मत असू शकतं, हे मात्र त्या रागात कुणाला सुचलं नाही.

आता गाडीत बसा. थर्ड क्लास, मार्च १८९७ च्या आसपास. लोणी, उरुळी, यवत मागे पडतात. तुमच्या बाकावर, बाकाखाली, दारापाशी मुली आहेत. मध्य प्रांतातल्या दुष्काळातून रमाबाईंनी गोळा करून आणलेल्या. गुडघे कोपरांहून जाड, डोक्यात खवडे, डोळ्यांना माशा. रमाबाईंचे आईवडील १८७० च्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीने गेले होते, त्यामुळे या चेहऱ्यांची ओळख त्यांना कुणी करून द्यावी लागली नाही. पुण्यात मुलींना ठेवलं असतं, पण पुण्यात प्लेग आहे आणि नव्या माणसांची भर घालायला अधिकाऱ्यांनी मनाई केलीय. दोन-तीन वर्षांपूर्वी रमाबाईंनी केडगावला जवळपास १०० एकर माळ घेतला होता. हेतू साधा: अमेरिकेची दहा वर्षं संपली की फळबागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी. संत्री-आंबे लागायच्या आतच तिथे माणसं लागली.

केडगावला उतरा. स्टेशनबाहेर सावली नाही. पर्जन्यछायेतला माळ, तरवडाची झुडपं, पाय भाजणारी माती. छपरं गवताची, काही तंबू. पहिल्या दिवसांत इथे फळा शोधू नका. आधी केस उतरवायचे, मग आंघोळ, मग जखमांना औषध, मग पेज. पोटभर भाकरी एकदम दिली तर मूल दगावतं, म्हणून पेज. शाळेचा पहिला धडा हाच होता आणि तो शिकवायला पुस्तक लागलं नाही.

इथून पुढे पाहुण्यासारखं फिरून चालणार नाही. १९०० साल. तू आठ वर्षांची आहेस.

तू काठेवाडची आहेस. छप्पनच्या दुष्काळाने तुझं गाव रिकामं केलं. बापाने बैल विकले, मग भांडी, मग तो उठलाच नाही. रस्त्याच्या कडेला तुला एका मुलीने हात दिला. ती जेमतेम अठराची, तीन वर्षांपूर्वी स्वतः दुष्काळातून उचललेली, आता रमाबाईंनी इतरांना शोधायला पाठवलेली. तिची भाषा तुला कळली नव्हती, हातातली पुरचुंडी कळली.

आता तू केडगावच्या मुक्ती सदनात आहेस. इथे सुमारे दोन हजार बायका आणि पोरी राहतात. एवढी तुझ्या गावातली सगळी माणसंही नव्हती. गट पाडलेत, प्रत्येक गटावर एक मोठी बाई. अंधार असताना घंटा होते. प्रार्थनेत तुझ्या डाव्या हाताची पोर हिंदीत पुटपुटते, उजव्या हाताची मराठीत, तू गुजरातीत. मग झाडलोट, मग पाणी शेंदायचं. विहिरी खोल खणल्यात तरी उन्हाळ्यात दोर पुरत नाही. भाकरीचा अर्धा तुकडा तू लुगड्याच्या चिंधीत बांधून उशाखाली ठेवतेस. मोठी बाई तो रोज काढते, रागावत नाही, आणि संध्याकाळी परत भाकरी देते. बरेच दिवस गेल्यावर तू तुकडा ठेवायचं विसरतेस.

वर्ग जमिनीवर. तुझ्या हातात पाटी आहे आणि तुला ‘ळ’ म्हणता येत नाही असं शेजारच्या मध्य प्रांतातल्या पोरीला वाटतं. खरं तर तुला येतो, तिलाच येत नाही. मास्तरीणबाई तुमच्याहून थोडीच मोठी. दोन हजारांच्या या गावाला पुरतील इतक्या शिकलेल्या शिक्षिका आणायच्या कुठून? म्हणून काल जिला बाराखडी आली ती आज आणखी धाकट्यांसमोर उभी राहते. हंटर कमिशनपुढे मागितलेल्या शिक्षिका सरकारने दिल्या नाहीत, त्या इथे अशा घडतायत. धाकट्या मुलींच्या वर्गात फ्रोबेलची पद्धत आहे: लोकरीचे रंगीत चेंडू, लाकडी ठोकळे, गाण्यावर हात हलवणं. जर्मन माणसाने काढलेली, अमेरिकेत शिकून आणलेली ही पद्धत, आणि समोर ती पोरं ज्यांनी चेंडू कधी पाहिला नाही. ती चेंडूला आधी चावून बघतात. त्यानंतर उजळणी, एकापासून तीसपर्यंत पाढे, सगळा माळ एका सुरात.

दुपारी रमाबाई वर्गात येतात. पांढरी जाडीभरडी साडी, कापलेले केस. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून त्या उत्तर देणाऱ्या पोरीच्या तोंडाकडे टक लावून पाहतात. तुला वाटतं, बाई फक्त तुझ्याकडेच बघतायत.

जेवणाच्या पंक्तीत कोण कुणाशेजारी बसायचं, याचा प्रश्न शारदा सदनात होता. इथे भुकेनेच तो निकालात काढलाय. ब्राह्मणाची बालविधवा, कुणब्याची पोर, अस्पृश्य म्हणून वेशीबाहेर राहिलेल्याची पोर, ताट सारखंच. हे समतेचं व्याख्यान देऊन झालेलं नाही. बाप्तिस्मे झालेत हेही खरं, आणि अनाथ पोरीची ‘संमती’ म्हणजे नक्की काय, हा प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवण्याचं कारण नाही. मात्र विचारताना तेव्हा रस्त्यावर तिच्यासाठी दुसरं कोण उभं होतं, त्याचंही उत्तर शोधावं. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला होता. शारदा सदनाची विद्यार्थिनी त्यांची पत्नी होती. अशी नावं बोटांवर मोजावी इतकीच सापडतात.

१९०५ चे पावसाळी दिवस धावत ओलांड. जूनच्या अखेरीला सदनात प्रार्थनेचा असा उमाळा आला की शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने रडत, ओरडत प्रार्थना करू लागल्या आणि वर्ग बाजूला पडले. लॉस एंजलिसमधली प्रसिद्ध पेंटेकोस्टल चळवळ १९०६ ची, म्हणजे यानंतरची; जगभरचे धर्मेतिहासकार केडगावचं नाव घेतात ते यासाठी. शाळातपासनीस त्या आठवड्यात आला असता तर त्याने हजेरीपटावर काय लिहिलं असतं, याची मला जास्त उत्सुकता आहे.

१९०८ च्या सुमारास तू सोळा वर्षांची आणि छापखान्यात. इथे खिळे जुळवणाऱ्या, शाई लावणाऱ्या, पानं दुमडणाऱ्या सगळ्या बायकाच. रोमन लिपीला खिळ्यांचे दोन केस पुरतात. देवनागरीची जोडाक्षरं, मात्रा, रफार मांडायला भोवती घरंच्या घरं लागतात, आणि तुझा हात न बघता योग्य घराकडे जातो. खिळा उलटा वाचायचा असतो. आठ वर्षांपूर्वी सरळ अक्षर न येणारी तू आता उलटं मराठी भराभर वाचतेस. कुणी मागावर बसते, कुणी तेलाच्या घाण्यावर, कुणी शिवणावर, कुणी गोठ्यात. शिरूरच्या घायपाताचा विचार इथे कितीतरी मोठ्या मापाने राबवलाय.

छापखान्याच्या पलीकडे आंधळ्या मुलींचं बार्तीमी सदन. रमाबाईंची लेक मनोरमाबाई अमेरिकेत ब्रेल शिकून आलीय. एक मुलगी बोटांनी कागद चाचपत वाचतेय, आणि दोन डोळस पोरी तोंडात बोट घालून तिच्याकडे बघतायत. पुण्यामुंबईतल्या अंधशाळांचा इतिहास वाचताना केडगावचं हे दालन त्यात घालावं. बहुतेकांनी घातलेलं नाही.

रमाबाईंची रात्रीची खोली तू लांबून पाहतेस. हिब्रू आणि ग्रीक त्या उतारवयात शिकल्या. बायबलचं जे मराठी भाषांतर उपलब्ध आहे ते संस्कृतने जड झालंय, खेड्यातल्या बाईला समजत नाही, अशी त्यांची तक्रार. म्हणून सगळा ग्रंथ मुळातून पुन्हा मराठीत आणायचं काम त्या एकट्या अंगावर घेतात. ज्या बाईला बालपणी आईने भागवताचे हजारो श्लोक तोंडपाठ करवले, तिने साधी मराठी पसंत करावी, यात काय काय घडून गेलं असेल! प्रुफं तुझ्याच हातून त्या खोलीत जातात. पहिली वाचक तू. समजलं नाही तर बाई वाक्य बदलतात.

जुलै १९२१. मनोरमाबाई चाळीशीतच जाते. ५ एप्रिल १९२२. रमाबाई जातात. शेवटची प्रुफं त्यांनी अगदी अखेरीपर्यंत तपासली असं सदनात सांगतात. पूर्ण मराठी बायबल १९२४ मध्ये या छापखान्यातून बाहेर पडलं. तेव्हा तू तिशी ओलांडलेली होतीस, आणि तू शिकलीस त्या वर्गात जमिनीवर तिसऱ्या पिढीच्या पोरी बसल्या होत्या.

आता परत या. पुन्हा तुम्ही तुम्हीच. केडगावच्या आजूबाजूला ऊस आहे, थंडीत गुऱ्हाळांचा गोड धूर सगळ्या रस्त्यावर पसरतो, बेट केडगावला नारायण महाराजांच्या दत्तस्थानाकडे गाड्या वळतात. दुष्काळी माळ ओळखू येत नाही. १९८९ मध्ये टपाल खात्याने रमाबाईंचं तिकीट काढलं, आणि पाठ्यपुस्तकांतही त्या भेटतात, पण बहुधा १८८९ च्या शारदा सदनापर्यंतच. केडगावच्या पंचवीस वर्षांना एक-दोन ओळी मिळतात. त्याचं कारण मला उघड दिसतं. शारदा सदनाच्या मुली पुण्यामुंबईच्या घरांतल्या होत्या, त्यांच्या आठवणी लिहिल्या गेल्या, त्यांची नातवंडं प्राध्यापक झाली. केडगावच्या मुलींना नातेवाईकच उरले नव्हते. धर्मांतराच्या वादाने उरलेलं झाकलं. ज्या शाळेत हजारो मुली मराठी वाचायला शिकल्या, त्यातल्या बऱ्याच घरी मराठी न बोलणाऱ्या होत्या, ती प्राथमिक शिक्षणाच्या इतिहासातून गाळणं मला निव्वळ आळस वाटतो. हाच आळस दौंडच्या रेल्वे वसाहतीतल्या आणि नगरकडच्या खेड्यांतल्या कॅथलिक शाळांच्या वाट्यालाही आला आहे. तुमच्या आजीच्या पेटीत अशा शाळेचा दाखला, प्रगतिपुस्तक किंवा वर्गाचा फोटो असेल तर तो रद्दीत घालू नका. मागे नावं आणि साल लिहून ठेवा.

जायचं असेल तर पुणे-दौंड शटल केडगावला थांबते आणि मुक्ती मिशन तिथे विचारल्यावर कुणीही दाखवतं. आधी परवानगी काढा, आणि मुलींचे फोटो घेऊ नका. ते आजही बायकांचं आणि लेकरांचं राहतं घर आहे.